पत्ता

वडगावात लाईट गेली की
माग लगेच थांबतात, कान थांबत नाहीत.
परवा पावणेबाराला लाईट आली
तेव्हा गल्ली उठली माग लावायला
आणि मी कंप्युटर.

साडीचा काठ आखायचं सॉफ्टवेअर हवं होतं.
फुकट आहे, असं खासबागच्या इराण्णानं सांगितलेलं,
फुकट, शिवाय मोकळं.
दुसरं म्हणजे काय ते त्यालाही नीट सांगता येईना.
“उघडून बघता येतंय गे आतनं, बदलता येतंय,
कुणालाबी देता येतंय,”
एवढं बोलून तो कांड्या भरायला गेला.

बटण दाबलं तर फॉर्म आला.
नाव. आडनाव. मोबाईल.
राज्य: खाली उघडणारी यादी.
मातृभाषा: आणखी एक यादी.
कशासाठी हवंय?
पत्ता.

राज्य विचारलं की आमच्याकडे माणूस
आधी विचारणाऱ्याचं तोंड बघतो.
मी घरात मराठी बोलते, शेजारणीशी कन्नड,
सुताच्या व्यापाऱ्याशी दोन्ही कालवून,
आणि धागे मोजताना ओठ नुसते हलतात.
यादीत टिक एकच मारता येत होती.

आणि पत्ता.
आमच्यात पत्ता म्हणजे भोकं पाडलेला पुठ्ठा,
जेकार्डवर माळेनं फिरणारा.
अप्पा पंचिंग करायचे, एका काठाला चारशे पत्ते.
जुन्या डिझाईनची माळ दाराबाहेर खिळ्याला टांगलेली असायची,
ज्याला पाहिजे त्यानं न्यावी, उतरवून घ्यावी, परत लावावी.
सोसायटीचे भरमाण्णा म्हणाले, एक वही ठेव,
कोण नेतोय कळायला नको?
अप्पांनी वही आणली.
तिच्यात दुधाचा हिशेब लिहिला.

एका साली गल्लीत याद्या घेऊन माणसं फिरली होती,
कोण काय बोलतं, कोण कुठल्या सभेला होतं.
लिहिताना गोड बोलली, चहा प्याली.
पुढं काय झालं ते अप्पांनी सांगितलं नाही.
आमच्या दारावरची नावाची पाटी तेवढी उतरली.
तो खिळा पाटीचाच.

पंगतीत कुणी नाव विचारत नाही म्हणतात.
विचारतात. मी वाढायला होते, ऐकलंय.
पाणी देतानासुद्धा विचारतात, डोळ्यांनी.
विचारत नाही ते पत्त्यावरचं भोक.
सुई आली, गेली, धागा उचलला.
कुणाच्या घरची सुई, त्याला काय करायचंय की.

फॉर्म मिटला. शोधत राहिले.
कुठल्याशा लांबच्या विद्यापीठाच्या कपाटात
तीच वस्तू ठेवलेली, आवृत्ती एकानं जुनी,
दार नुसतं लोटलेलं.
एक ओळ, एक बटण.
दोनशे बारा एमबी. रेंज जात होती, येत होती.
अडीच वाजले.
कुठून मागितलं ते कुणाला तरी दिसलंच असेल,
तारेला सगळं कळतं म्हणतात.
पण कुणी अडवून विचारलं नाही,
आणि मला पहिल्यांदा वाटलं
फुकट आणि मोकळं
हे दोन वेगळे शब्द आहेत.

सकाळी पेनड्राईव्हला लाल सूत बांधलं,
खिळ्याला अडकवला.
गुरुशिद्दा आला, समोरच्या मागावरचा.
“अक्का, इदु यारदु?”
मग माझ्याकडं बघून मराठीत,
“नेतो. नाव लिहून ठेवू काय?”
खिशातलं पेन त्यानं काढलंही होतं.
म्हटलं, काम झालं की आणून लाव. बास.

संध्याकाळी खिळा रिकामाच.
दुसऱ्या दिवशीही.
मी दोनदा उगीच दारात गेले,
वहीची आठवण झाली, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी होता.
सूत हिरवं.
आत एक फाईल जास्तीची: कोयरी, जरा जाड पोटाची,
खाली नाव नाही, काही नाही,
आणि गुरुशिद्दा म्हणतो, त्यानं तर तो
पहिल्याच दिवशी दुसऱ्याला दिलेला.
देठाजवळ तीन घरं चुकलेली.

ती तेवढी भरली
आणि परत अडकवला.